सरसकट सवलत कुणाच्या पानात?

‘प्राप्तिकरात सरसकट कपात’ हे शब्द कानी पडले, की आम्हां मध्यमवर्गीयांच्या घरी दिवाळीआधीच दिवाळी येते. मी मराठीचा मास्तर. आकड्यांपेक्षा शब्दांशी माझी गाठ अधिक. म्हणून ‘सरसकट’ या शब्दापाशी मी जरा थबकतो. पंगतीत वाढपी तूप सरसकट वाढत जातो खरा. पण ते मुरते ज्याच्या त्याच्या भाताच्या मानाने. ज्याच्या पानात भातच नाही, त्याला वगळून वाढपी पुढे सरकतो.

१९९७ सालचे उदाहरण घ्या. त्या फेब्रुवारीत अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी मांडलेला अर्थसंकल्प ‘ड्रीम बजेट’ म्हणून गाजला. प्राप्तिकराचे १५, ३० आणि ४० टक्के हे दर १०, २० आणि ३० टक्क्यांवर आले. याहून सरसकट ते काय असणार?

आता पाटी-पेन्सिल घेऊन बसू. ज्याचे करपात्र उत्पन्न वर्षाला ६०,००० रुपये, त्याचा कर ३,००० वरून २,००० झाला, वाचले १,०००. १,२०,००० वाल्याचे वाचले ७,०००. आणि १० लाखवाल्याचे? तब्बल ९८,०००! ४०,००० पर्यंतच्या माणसाला काहीच नाही. त्याला मुळी करच नव्हता.

‘अहो, जो जास्त भरतो त्याचेच जास्त वाचणार!’ असे कुणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. उलट लहान करदात्याचा कर तिसऱ्या हिश्शाने उतरला, बड्याचा चौथ्याहून किंचित अधिक. पण हे झाले कराचे माप. घरात उरलेल्या पैशाचे माप लावले, तर लहान्याला उत्पन्नाच्या शंभर रुपयांमागे पावणेदोन रुपयेही सुटले नाहीत. बड्याला जवळजवळ दहा सुटले. आणि वाणी काही हिश्शांत हिशेब करीत नाही, रोख रुपये मागतो.

२०२५ च्या अर्थसंकल्पात वाढप्याचा हात निराळा चालला. नव्या करपद्धतीत वरचा ३० टक्के दर तसाच ठेवून उत्पन्नाचे टप्पे सरकवले आणि पगारासारख्या नेहमीच्या उत्पन्नावर १२ लाखांपर्यंत कर शून्य केला. १२ लाखवाल्याचे ८०,००० वाचले, २५ लाखवाल्याचे १,१०,०००. उत्पन्नाच्या मानाने तुपाची धार मधल्या पंगतीत जाड पडली. ७ लाखांपर्यंत मात्र आधीच कर नव्हता; तिथे नवे काही पडले नाही. या सवलतीपायी सुमारे १ लाख कोटी रुपयांच्या प्रत्यक्ष करावर पाणी सोडावे लागेल, असे सरकारनेच सांगितले होते.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना प्राप्तिकर ठाऊक नाही. पण अंगाचा साबण आणि केसांचे तेल घेताना त्याही कर भरतातच. २२ सप्टेंबर २०२५ पासून या दोन्हींवरचा वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. ही रक्कम लहान. पण दुकानदाराने भाव तेवढा उतरवला, तर ती त्यांच्या पानात पडते.

वाचकहो, सवलत नको म्हणण्याइतका मी विरक्त नाही, पगारदारच आहे. पण यापुढे अर्थसंकल्प ऐकताना ‘दर किती उतरला?’ यावर न थांबता ‘कुणाच्या हाती किती रुपये उरले?’ एवढा एक प्रश्न घरातल्या मुलांनाही विचारायला शिकवावा, असे मात्र वाटते.