गल्लीत काका, कागदावर परका

सयामच्या राजाच्या मुलांना इंग्रजी शिकवण्यासाठी 1862 साली बँकॉकला पोहोचलेल्या ॲना लिओनोवेन्स या विधवा बाईंचा पहिला झगडा घरावरून झाला. राजवाड्याच्या तटाबाहेर स्वतंत्र घर हवं, हा त्यांचा हट्ट. ते मिळेपर्यंत प्रधानाच्या वाड्यात दिवस काढावे लागले, असं त्यांनीच पुढे पुस्तकात लिहिलं. बाईंचं सगळंच लिहिणं खरं मानू नये. आपला जन्म वेल्समधला, असं त्या सांगत आल्या. प्रत्यक्षात त्या 1831 मध्ये अहमदनगरला जन्मल्या आणि 1849 मध्ये पुण्यात त्यांचं लग्न झालं. त्यांच्या आठवणींतून पुढे निघालेल्या ‘द किंग अँड आय’ या चित्रपटावर थायलंडने बंदी घातली, कारण त्यातला राजा थाई लोकांना आपला राजा वाटलाच नाही.

परदेशी माणूस आणि घर यांचं भांडण मात्र थायलंडमध्ये अजून मिटलेलं नाही. आज बँकॉकमध्ये फ्लॅट भाड्याने घेणाऱ्या परदेशी माणसाला पहिल्याच आठवड्यात ‘टीएम 30’ हा शब्द कळतो. परका माणूस घरात राहायला आला की घरमालकाने चोवीस तासांत इमिग्रेशन खात्याला कळवायचं, त्याचा हा अर्ज. नियम 1979 च्या कायद्यातला. बरीच वर्षं तो कागदावर पडून होता, 2019 मध्ये त्याची अंमलबजावणी एकदम कडक झाली आणि परदेशी वस्त्यांमध्ये हलकल्लोळ माजला. पुढच्याच वर्षी थोडी ढील मिळाली: परदेशवारी करून त्याच पत्त्यावर परतणाऱ्याची नोंद दरवेळी नव्याने करायची गरज उरली नाही. गंमत अशी, की कळवण्याची जबाबदारी घरमालकाची, पण अर्ज भरलेला नसला तर खिडकीवर अडतो तो भाडेकरू.

शिवाय सलग नव्वद दिवस देशात राहिलं की ‘मी अजून इथेच, याच पत्त्यावर राहतो’ असं कळवायचं. मग पुढच्या नव्वद दिवसांनी पुन्हा. हे टपालाने किंवा ऑनलाइनही करता येतं, विसरलं तर 2,000 बाथ दंड. पन्नाशी उलटलेल्या निवृत्त माणसाला वर्षभराचा मुक्काम हवा तर थाई बँकेत 8 लाख बाथ ठेवायचे किंवा महिना 65,000 बाथ उत्पन्न दाखवायचं, आणि दरवर्षी हीच परीक्षा नव्याने द्यायची. वीस वर्षं तिथे काढलेला म्हाताराही दरवर्षी बँकेचं पत्र, नकाशा आणि फोटो घेऊन रांगेत उभा असतो.

त्या रांगेतून सुटून तो आपल्या सोइमध्ये शिरतो तेव्हा चित्र पालटतं. सोइ म्हणजे मोठ्या रस्त्याला फुटणारी गल्ली. बँकॉकमध्ये रस्त्याच्या एका अंगाला विषम आकड्यांच्या सोइ आणि दुसऱ्या अंगाला सम आकड्यांच्या, त्यामुळे 20 च्या समोर 21 सापडेलच याची खात्री नाही. सोइच्या तोंडाशी नारिंगी जाकिटं घातलेले मोटारसायकलवाले बसलेले असतात. त्यांना कोणाचं घर कुठे, कोण कधी येतं-जातं, सगळं ठाऊक. ‘कुठे निघालात?’ आणि ‘जेवलात का?’ हे दोन प्रश्न रोज येतात. नवा युरोपीय माणूस आधी चमकतो, याला काय करायचंय म्हणतो. मराठी माणसाला तो धक्का बसत नाही.

संबोधनं तर थेट ओळखीची. वयाने मोठा असेल तो ‘फी’, लहान असेल तो ‘नोंग’, आईबापांहून थोरली बाई ‘पा’ आणि तसाच पुरुष ‘लुंग’. हॉटेलात वाढणाऱ्या पोराला, बँकेतल्या बाईला, भाजीवालीला याच नात्यांनी हाक मारतात. म्हणूनच नव्या माणसाचं वय पहिल्या पाच मिनिटांत विचारलं जातं; त्याशिवाय त्याला काय म्हणायचं हे ठरत नाही. केस पिकलेला जर्मन किंवा ऑस्ट्रेलियन महिन्याभरात सोइचा ‘लुंग’ होतो. आडनाव कोणी विचारत नाही. थायलंडमध्ये आडनावं सक्तीची झाली ती 1913 च्या कायद्याने, राजा वजिरावुध यांच्या काळात, आणि नातं नसलेल्या दोन कुटुंबांना एकच आडनाव घेता येत नाही. त्यामुळे ती भलतीच लांबलचक. व्यवहार सगळा पहिल्या नावाने, त्याआधी ‘खुन’ लावून. घरात तर टोपणनावच चालतं: लेक म्हणजे छोटा, मू म्हणजे डुक्कर, कुंग म्हणजे कोळंबी. अलीकडच्या पिढीत बँक, गोल्फ आणि बेन्झही आहेत. ऑफिसातल्या गंभीर चेहऱ्याच्या मॅनेजरबाईंना सगळे ‘फी मू’ म्हणतात, याची सवय व्हायला वेळ लागतो.

सवयीची दुसरी गोष्ट म्हणजे पंचांग. थाई सन इसवी सनाच्या 543 वर्षं पुढे चालतो, म्हणून 2025 म्हणजे तिथलं 2568. दुधाच्या पिशवीवर नुसतं ‘68’ पाहून गोंधळलेले नवखे दुकानात नेहमी दिसतात. बोलण्यातलं घड्याळही सहा-सहा तासांचं. संध्याकाळचे सात वाजले की रात्रीचा ‘एक’ सुरू होतो.

सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला सार्वजनिक जागी राष्ट्रगीत लागतं. लुंफिनी बागेत धावणारे जागच्या जागी थांबतात, स्टेशनातली गर्दी उभी राहते. परक्यानेही थांबायचं, हे कोणी सांगत नाही. आजूबाजूला पाहून कळतं. राजघराण्याबद्दल तर तोंड सांभाळूनच बोलावं. दंडसंहितेच्या 112 व्या कलमाखाली एकेका गुन्ह्याला 3 ते 15 वर्षांची कैद आहे आणि ते कलम परदेशी पासपोर्ट पाहून सौम्य होत नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये राजे भूमिबोल गेले तेव्हा वर्षभर दुखवटा होता. दुकानांतले काळे कपडे संपले, तेव्हा लोकांनी घरचे कपडे काळ्या रंगात बुडवून घेतले, आणि ऑफिसात जाणारे परदेशीही काळ्यात वावरले.

खरी कसोटी लागते ती तक्रार करताना. थाई माणूस भिडस्त. दुसऱ्याला अवघडल्यासारखं होईल असं बोलणं तो टाळतो, आणि या वागण्याला ते ‘क्रेंग जाइ’ म्हणतात. एसी दुरुस्त करणारा ‘उद्या जमणार नाही’ असं सांगत नाही. तो हसतो, ‘हो’ म्हणतो आणि येत नाही. घरमालकिणीला भाडं वाढवायचं असतं तेव्हा ती आधी आंबे घेऊन येते. परदेशी माणूस काउंटरवर आवाज चढवतो, तेव्हा समोरचा कर्मचारी आणखी गोड हसतो, आणि काम तिथेच थांबतं. चारचौघांत ओरडलेल्या माणसाची पत गेली असं सगळे मनात धरतात, त्याचा मुद्दा बरोबर असला तरीही. जे टिकतात ते आवाज खाली ठेवायला शिकतात. या गोडव्याचं परदेशी लेखक फार कौतुक करतात, पण तो फुकट मिळत नाही: कोणाला काय खटकलं हे कळायला कधीकधी वर्षं जातात, आणि घरकामाची बाई एक दिवस न सांगता येईनाशी होते.

खाण्याच्या बाबतीत परदेशी लवकर रुळतात. स्वयंपाकघर नसलेल्या खोल्या शहरात पुष्कळ, कारण गल्लीत गाडीवर जेवण सहज मिळतं. जेवायला चमचा आणि काटा. काट्याने भात चमच्यात लोटायचा. चॉपस्टिक फक्त नूडल्ससाठी. विजेचं बिल कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हनमध्ये भरता येतं. थायलंडभर या दुकानांची संख्या 14,000 च्या वर गेली आहे. त्याहून जास्त ती फक्त जपानमध्ये आहेत. शाकाहाऱ्याची मात्र पंचाईत, कारण भाजीतही नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी, पडतंच. त्यावर उतारा म्हणजे पिवळ्या झेंड्यावर तांबड्या अक्षरांत ‘जे’ लिहिलेली दुकानं. चिनी बौद्ध परंपरेतल्या या जेवणात मांस, मासे, अंडी तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणारी एखादी मराठी आजी तिथे निर्धास्त जेवू शकेल. साधारण ऑक्टोबरात येणाऱ्या नऊ दिवसांच्या शाकाहारी उत्सवात हे झेंडे गल्लोगल्ली लागतात, फुकेतमध्ये सगळ्यांत जास्त.

भारतीयांची गोष्ट गोऱ्यांपेक्षा थोडी वेगळी. गोरा तो ‘फरांग’, भारतीय तो ‘खेक’. सिलोम रस्त्यावरचं तमिळांनी बांधलेलं मारिअम्मन देऊळ लोकांच्या तोंडी ‘वाट खेक’ आहे आणि तिथे थाई भाविकांची रीघ असते. फाहुरातच्या कापडबाजारात शीख व्यापाऱ्यांच्या पिढ्या गेल्या. आदित्य विक्रम बिर्ला यांनी 1969 मध्ये भारताबाहेरचा आपला पहिला कारखाना थायलंडमध्येच काढला, आणि तेव्हापासून भारतीय इंजिनिअर, हिशेबनीस यांची ये-जा सुरू आहे. गणपतीची चुकामूक होत नाही: थाई ललित कला खात्याच्या बोधचिन्हावर गणेशच आहे, आणि बँकॉकच्या सेंट्रलवर्ल्ड मॉलसमोर त्याचं देऊळ आहे. शेजारी त्रिमूर्तीचं. तिथे गुरुवारी तरुण मुलंमुली तांबडे गुलाब घेऊन प्रेम मागायला येतात, ही मात्र आपल्याकडे कुणाला न सुचलेली गोष्ट.

शहर सोडून ईशान्येच्या इसान भागात गेलं की परदेशी माणूस बहुधा जावई म्हणून भेटतो. व्हिएतनाम युद्धात उदोन थानी, उबोन, नाखोन फानोम इथे अमेरिकी हवाई दलाचे तळ होते. सैन्य 1976 मध्ये परत गेलं, पण ओळखी राहिल्या, आणि पुढे पेन्शनवर जगणारे युरोपीयही या गावांत येऊन बायकोच्या माहेरी स्थायिक झाले. लग्नात ‘सिन सोत’ द्यावं लागतं: वराने वधूच्या आईवडिलांना रोकड आणि सोनं. हुंडा ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला ही उलटी गंगा वाटेल. देवघेव मंडपात सगळ्यांसमोर मांडली जाते, नोटा मोजल्या जातात आणि पुष्कळदा कार्य आटोपल्यावर त्यातली बरीच रक्कम नवरा-नवरीला परतही मिळते. किती परत येणार, हे आधी विचारून घेणं जावयाच्या हिताचं.

गावात पहाटे सरपंचाच्या भोंग्यावर सूचना सुरू होतात: लसीकरण कधी, वर्गणी किती, कोणाकडे मयत. भोंगा बंद करा म्हणणारा फरांग हास्यास्पद ठरतो. सासू-सासऱ्यांचं औषधपाणी, देवळातल्या भिख्खूंचं जेवण, मेहुण्याच्या ट्रॅक्टरचा हप्ता यांत जावयाने हातभार लावावा अशी अपेक्षा असते, कारण आईबापांना पोसणं ही मुलींची जबाबदारी तिथे सर्वमान्य आहे. काही जावई लुबाडले गेल्याची तक्रार करतात. काहींच्या बाबतीत ती खरीही असते. पण लहानपणापासून आजीबरोबर एका ताटात चिकट भात खाल्लेल्या बायकोला ‘तुझं घर’ आणि ‘आपलं घर’ ही वाटणी समजत नाही, हेही तितकंच खरं.

घर बांधायला पैसे जावयाचे, आणि जमीन? ती परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. बायकोच्या नावावर घेताना दोघांना भूमी कार्यालयात लिहून द्यावं लागतं, की हा पैसा बायकोचा स्वतःचा आहे. फार तर तीस वर्षांचा भाडेपट्टा किंवा हयातभर उपभोगाचा हक्क नोंदवता येतो. शहरात फ्लॅट घेता येतो, पण इमारतीच्या एकूण क्षेत्रफळापैकी परदेशी मालकी 49 टक्क्यांपुढे जाता कामा नये. नोकरीचंही तसंच. केस कापणं, थाई मसाज, पर्यटकांना वाट दाखवणं ही कामं थाई लोकांसाठी राखीव. 1979 च्या मूळ यादीत छत्र्या, बुद्धमूर्ती आणि भिख्खूंची भिक्षापात्रं बनवणंही होतं. एका परदेशी माणसाला वर्क परमिट द्यायचा तर साधारणपणे कंपनीत चार थाई कर्मचारी असावे लागतात. खाओ याइ राष्ट्रीय उद्यानात थाई माणसाला 40 बाथ आणि परदेशी माणसाला 400 बाथ प्रवेशमूल्य, तेही पाटीवर लिहून. आपल्याकडे ताजमहालाला वेगळं काही नाही, त्यामुळे भारतीयाने फार रागावू नये.

या सगळ्यातून पार झालेला एक माणूस थाई लोकांनी डोक्यावर घेतला. कोरादो फेरोची हा इटालियन शिल्पकार 1923 मध्ये बँकॉकला आला, त्याने डेमॉक्रसी मॉन्युमेंटवरची शिल्पं घडवली आणि 1943 मध्ये शिल्पाकर विद्यापीठ उभं केलं. युद्धात इटलीने शरणागती पत्करल्यावर त्याला अटकेपासून वाचवायला थाई सरकारने 1944 मध्ये नागरिकत्व आणि थाई नाव दिलं. 15 सप्टेंबर हा त्याचा जन्मदिवस त्या विद्यापीठात अजून साजरा होतो.

बाकीच्यांसाठी कायम निवासाचा परवाना आहे: एका देशाच्या जास्तीत जास्त शंभर जणांना वर्षाला, 1,91,400 बाथ शुल्क. तो मिळाला की नव्वद दिवसांची हजेरी संपते. जमीन तरीही नावावर होत नाही आणि नोकरीला वर्क परमिट लागतोच. तेव्हा कामाला किंवा निवृत्तीनंतर तिकडे जाणार असाल, तर भाडेकरारावर सही करण्यापूर्वी घरमालकाला एकच विचारा, टीएम 30 भरणार का? टाळाटाळ केली तर दुसरं घर पाहा, आणि हे विचारताना आवाज चढवू नका.