शेळीची लस गाईच्या कामी आली

२०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातल्या चिनावल गावी गुरांच्या अंगावर गाठी उठल्याची खबर आली आणि पाहता पाहता लंपी रोग राज्यभर पसरला. गुरांचे बाजार बंद झाले. ऐन कामाच्या दिवसांत बैल खुंट्याला बसून राहिले, कित्येक घरांची दावण रिकामी झाली. त्या वेळी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टरांनी गावोगाव जी लस टोचली ती मुळात गाईगुरांची नव्हतीच. ती होती शेळ्यांच्या देवीची!

शेळीचे औषध गाईला कसे चालावे, असे तुम्ही विचारले तर त्यात वावगे काही नाही. त्याचे असे आहे. लंपीचा, मेंढ्यांच्या देवीचा आणि शेळ्यांच्या देवीचा, हे तिन्ही विषाणू एकाच घराण्यातले. चुलतभाऊच म्हणा ना! त्यांची ठेवण इतकी सारखी, की जनावराचे शरीर एकाला ओळखायला शिकले म्हणजे दुसऱ्यालाही दारातच अडवते. लसीत शेळीच्या देवीचा जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. गाईला त्याची मात्रा शेळीपेक्षा जास्त लागते. ती कातडीखाली टोचतात. ही युक्ती नवी नाही. इंग्लंडात एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली गाईच्या देवीची लस टोचून माणसाची देवी रोखली होती.

मग गाईसाठी वेगळी लस का नाही काढली? काढली. हिस्सार आणि इज्जतनगर येथील शास्त्रज्ञांनी खास लंपीचीच लस तयार केली व १० ऑगस्ट २०२२ रोजी ती जाहीर झाली. पण प्रयोगशाळेतली लस लाखांनी तयार होऊन गावात यायला वेळ लागतो, आणि रोग काही थांबत नाही. शेळीची लस मात्र हाताशी होती. तिने शंभर टक्के रक्षण होत नाही, हेही खरे. चुलतभाऊ तो चुलतभाऊच!

तेव्हा औंदा कोणती लस आली आहे ते डॉक्टरांना विचारा आणि रोग शेजारच्या गावी येण्याआधीच टोचून घ्या. अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. आजारी जनावराला टोचू नये. लस बर्फात ठेवलेली असावी, आणि दर जनावराला सुई नवी, हा हट्ट धराच. एकाच सुईने सारा गोठा टोचला तर रोग आपणच घरोघर पोचवतो. टोचल्यावर थोडा ताप येईल, दोन-चार दिवस दूध जरा कमी होईल. त्याने घाबरू नये.

लस टोचली म्हणून गोठ्याकडे दुर्लक्ष नको. चावऱ्या माश्या, डास, गोचीड हेच रोग वाहून आणतात. शेण-मूत साचू देऊ नका. लंपी माणसाला होत नाही. दूध उकळून खुशाल प्या.

टोचल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. ही लस दर वर्षी टोचावी लागते.