शर्यतीच्या पैशातून गतिरोधक!

जगात दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्ते अपघातांत जीव गमावतात, असं जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३चा अहवाल सांगतो. त्यातले ९२ टक्के मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. गाड्या मात्र तिथे जगातल्या साठेक टक्केच! म्हणून मोठमोठे दाते या देशांतल्या रस्त्यांसाठी थैली सैल सोडतात. आता थैलीतून निघतं काय? उड्डाणपूल? छे! रंगाचे डबे, स्टिकर, आणि एक ‘भाताचा कुकर’.

कमाई ३००ची, खर्च ३०साठी

फॉर्म्युला वनचे व्यावसायिक हक्क शंभर वर्षांसाठी दिले गेले आणि मोटार शर्यतींच्या जागतिक महासंघाकडे, म्हणजे एफआयएकडे, घसघशीत रक्कम आली. महासंघानं २००१ मध्ये ३० कोटी डॉलर वेगळे काढून एफआयए फाउंडेशन ही धर्मादाय संस्था उभी केली. शाळेजवळ गाड्या ताशी ३० किलोमीटरच्या वर जाऊ नयेत, यासाठी ही संस्था देशोदेशी पैसा पुरवते. वेगानं कमावलं, ते ब्रेकवर उधळलं!

फाटक सरकवलं, मुलं वाचली

टांझानियातलं दार-एस-सलाम. शाळा सुटल्याची घंटा झाली की मुलं फाटकातून थेट भरधाव रस्त्यावर. ‘अमेंड’ नावाच्या संस्थेनं शाळांभोवतीचे रस्ते पायी पालथे घातले आणि साधेसुधे उपाय केले: पदपथ, झेब्रा पट्टे, गतिरोधक, गाड्या आत घुसू नयेत म्हणून खुंट. कुठे तर शाळेचं फाटकच मोठ्या रस्त्यावरून बाजूच्या गल्लीकडे वळवलं. मुलांच्या दुखापतींच्या प्रमाणात २६ टक्क्यांपर्यंत घट झाली. २०१९ मध्ये शहर सुधारणेचं अडीच लाख डॉलरचं जागतिक बक्षीस कुठल्या मेट्रोला नाही, या फाटक-खुंटांना मिळालं.

डोक्यावर भाताचा कुकर

व्हिएतनाममध्ये घरटी दुचाकी, पण हेल्मेट म्हटलं की लोक फिदीफिदी हसायचे. ‘भाताचा कुकर’ हे त्याचं टोपणनाव! त्यात उकाडा असा, की कुकरमध्ये डोकं शिजायचंच. मग एआयपी फाउंडेशन या संस्थेनं हनोईत स्वतःचा ना-नफा कारखाना काढला आणि उष्ण हवेसाठी हलकं, हवेशीर हेल्मेट बनवलं. १५ डिसेंबर २००७ पासून सरकारनं सक्ती केली. हेल्मेटवाल्यांचं प्रमाण चाळीसेक टक्क्यांवरून थेट नव्वदच्या पुढे! आधी घालवेल असं हेल्मेट, मग पावती, क्रम महत्त्वाचा.

रंग फासा, रस्ता बदला

ब्राझीलच्या फोर्तालेझा शहरात २०१७ मध्ये सिदाजी २००० या वस्तीतला एक चौक गाड्यांकडून काढून माणसांना दिला. सामान काय? रंग, कुंड्या, बाकं. ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीजच्या मदतीनं झालेला हा प्रयोग तात्पुरता होता. पण लोक तिथे असे ऐसपैस बसले, की चौक कायमचा त्यांचा झाला.

खडखडाटाची किंमत

घानात अक्रा–कुमासी महामार्गावरच्या सुहुम फाट्यावर रंबलर टाकले. तेच ते, ज्यांवरून जाताना गाडीतला डबा, बाटली आणि पेंगणारा मामा एकदम जागे होतात. अपघात सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाले आणि मृत्यू ५५ टक्क्यांनी. खडखडाटाला एवढा भाव क्वचितच येतो.

मुद्दाम गाड्या फोडणारे दाते

नव्याकोऱ्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगानं ठोकायच्या, तेही देणगीच्या पैशातून! ग्लोबल एनकॅप या संस्थेनं २०१४ मध्ये भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या अशा ठोकून पाहिल्या. सुरक्षेच्या ताऱ्यांत पाचही गाड्यांना भोपळा. त्यात टाटांची नॅनोही होती. पण डिसेंबर २०१८ मध्ये पंचतारांकित ठरलेली पहिली भारतीय गाडीही टाटांचीच निघाली: पुण्याजवळ रांजणगावात बनणारी नेक्सॉन. नापास झाल्याचा निकाल चारचौघांत वाचला गेला, की अभ्यास होतो तो असा.

आपला द्रुतगती मार्ग

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ या एका वर्षात १५१ माणसं दगावली. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशननं रस्ते विकास महामंडळाला हाताशी धरून ‘शून्य मृत्यू’ मोहीम सुरू केली. महिंद्रा कंपनीनं आर्थिक बळ दिलं. गाडी आदळलीच तर जीवघेण्या ठरतील अशा जागा हेरून त्यांचा बंदोबस्त करायचा, कठडे नीट करायचे, असं किरकोळ वाटणारं काम. २०२३ पर्यंत मृत्यूंचा आकडा निम्म्याखाली आला होता. शून्य अजून लांब आहे, पण घाट उतरायला लागलाय.

आणि सगळ्यात स्वस्त ब्रेक

केनियातली मताटू म्हणजे आपली वडाप: चौदा सीट, गाणी फुल्ल, ड्रायव्हर सुसाट. दोन अर्थतज्ज्ञांनी हजारभर मताटूंमध्ये प्रवाशांच्या नजरेसमोर स्टिकर लावले. आशय एकच: ड्रायव्हर बेफाम चालवतोय? गप्प बसू नका, ओरडा! स्टिकर कुणी खरवडून टाकू नयेत म्हणून लॉटरी ठेवली. सगळे स्टिकर जागेवर असतील त्या ड्रायव्हरला बक्षिसाची संधी. म्हणजे आपल्यालाच ओरडा बसावा, याची काळजी ड्रायव्हर स्वतः घेऊ लागला!

या गाड्यांचे विम्याचे दावे निम्म्यानं, काही हिशेबांनी दोन-तृतीयांशानं घटले. बारा हजारांहून जास्त गाड्यांवरच्या पुढच्या प्रयोगात घट पाव ते एक-तृतीयांश राहिली, पण राहिली. मोहिमेचं नाव ‘झुशा’, म्हणजे स्वाहिलीत ‘आवाज उठवा’. २०१७ मध्ये तिला ९ लाख डॉलरचं अनुदान मिळालं.

मागच्या सीटवरून “ओ दादा, हळू घ्या की जरा!” म्हणणारी मावशी आपल्या प्रत्येक वडापमध्ये असते. तिला बिचारीला आजवर कुणी एक डॉलर दिलेला नाही. निदान पुढच्या वेळी तिच्या सुरात सूर तरी मिसळा.