नानांच्या अंगणातील हरळी

देवासच्या जुन्या वस्तीत आमचे घर आहे. ओसरीत बसले की माताजींची टेकडी समोर दिसते. घरापुढे चाळीस फूट लांब आणि पंचवीस फूट रुंद असे अंगण आहे. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, मूळचे धारचे. ऐन विशीच्या आत ते तबल्याच्या साथीला म्हणून देवास दरबारी नोकरीस लागले आणि पुरती तीन वर्षे होतात न होतात तोच १९४८ साली संस्थाने विलीन झाली. थोरली पाती, धाकटी पाती, दोन्ही गाद्या गेल्या. तनखा थांबला. नाना मात्र देवासलाच राहिले. रजबअली खाँसाहेब ज्या गावात आहेत आणि कुमार गंधर्व नुकतेच हवापालटासाठी ज्या गावात आले आहेत, ते गाव सोडून जायचे कुठे, असे ते म्हणत. मी त्यांना पन्नाशीनंतर झालेला मुलगा, त्यामुळे दरबार मी पाहिला तो त्यांच्या बोलण्यातच.

पाहिले ते अंगण. त्यात नानांनी हरळी राखलेली होती. संध्याकाळी सतरंजी टाकून शिकवणी तिथेच चाले. गवताची हौस या गावाला जुनी आहे. १९२१ साली इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून काही महिने येथे राहिला, तेव्हा बागा आणि टेनिसची मैदाने यांची देखरेखही त्याच्या कामात होती. पण साहेबाची हिरवळ निराळी आणि आमची निराळी. आमची हरळी म्हणजे गणपतीची दूर्वा. ती उन्हात करपते आणि पहिल्या पावसाला मुळातून पुन्हा उठते.

१९९० च्या उन्हाळ्यात मी दहा वर्षांचा होतो. त्या साली देवासला आगगाडीने पाणी आणावे लागले. नानांनी त्या दिवसांत अंगणात एक तांब्यादेखील ओतू दिला नाही. "माणसं पाण्यासाठी रांगेत उभी आहेत आणि मी गवत भिजवू?" एवढेच म्हणाले. अंगण पिवळे पडले, मग तपकिरी झाले. आषाढात ते आपोआप हिरवे झाले, तेव्हा नानांनी कोणाला काही बोलून दाखवले नाही. फक्त सतरंजी बाहेर काढली.

नाना गेल्याला आता पुष्कळ वर्षे झाली. मी नोकरीनिमित्त इंदूरला, थोरले बंधूही तिथेच. आई एकटी. एका पावसाळ्यात कुंपणाची भिंत पडली, तिचा राडारोडा अंगणातच राहिला. त्यावर गाजरगवत माजले, सावलीच्या बाजूला लव्हाळा. हरळीला भरपूर ऊन लागते. राडारोड्याखाली आणि त्या झुडपांखाली ती उरली नाही. गेल्या वर्षी बंधू म्हणाले, "हे आता विकून टाकू. आईला माझ्याकडे नेतो." त्यांचे चुकीचे नव्हते. आई मात्र म्हणाली, "अंगण एकदा होतं तसं बघू दे, मग काय ते ठरवा." दिवाळीपर्यंत थांबायचे ठरले. मी देवासला परतलो, घरच्या घरी शिकवण्या धरल्या आणि मे महिन्यात कुदळ हाती घेतली.

ज्यांना असे पडके अंगण सुधारायचे आहे त्यांना उपयोग होईल म्हणून क्रमाने सांगतो. आधी राडारोडा गाडीभर बाहेर काढला. गाजरगवत फुलावर येण्याआधी मुळासकट उपटले. ते हातमोजे घालूनच उपटावे, नाहीतर अंगाला खाज सुटते. मग एक फूट खोल खणून ढेकळे उन्हात उलथी टाकली. लव्हाळ्याच्या काळ्या गाठी वेचून काढल्या, कारण एक गाठ राहिली की चार रोपे उठतात. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिकट होऊन पाणी धरून ठेवते. म्हणून कुजलेले शेणखत घातले आणि घराच्या जोत्यापासून बाहेरच्या बाजूला दर दहा फुटांस दोन इंच असा उतार दिला. पहिल्या सरींनंतर जे तण उगवले ते पेरणीआधीच खुरपून टाकले. हे काम कंटाळवाणे आहे. ते न करता केलेली पेरणी म्हणजे तणाची पेरणी.

पुढे वाद झाला तो बियाण्यावरून. शेजारचे म्हातारे माळीबाबा म्हणाले, "मास्साब, दूब बीज से नी, जड़ से लगे हे." त्यांचे म्हणणे परंपरेला धरून होते, आपल्याकडे हरळी मुळ्या रोवूनच लावतात. पण बाहेरून आणलेल्या मुळ्यांबरोबर लव्हाळा पुन्हा घरात येतो, ही मला धास्ती. मी इंदूरहून बी आणले. हजार चौरस फुटांना ३०० ग्रॅम पुरते. बी इतके बारीक की एका ग्रॅममध्ये हजारो दाणे. ते चाळलेल्या वाळूत मिसळून अर्धे उभे आणि अर्धे आडवे फेकले, दाताळ्याने हलकेच माती हलवली आणि लाकडी रूळ फिरवला.

हे मी जूनअखेरीस केले, आणि तिथेच चुकलो. तिसऱ्या रात्री असा पाऊस कोसळला की सकाळी अंगणात ओहोळांच्या रेघा पडल्या होत्या. पंधरा दिवसांनी पाहतो तो सगळे अंगण उघडे, आणि उताराच्या शेवटच्या कोपऱ्यात तेवढी हिरवळ गादीसारखी दाट! मी दिलेल्या उतारानेच बी तिथे नेऊन टाकले होते. माळीबाबा कुंपणाशी उभे होते. ते काही म्हणाले नाहीत, हे त्यांचे सौजन्य. आईने मात्र विचारले, "बंधूंना काय सांगू?" मला उत्तर सुचेना. ३०० ग्रॅम बियाण्याचे मला वाईट वाटले नाही. दिवाळीला किती महिने उरले ते मी बोटांवर मोजत होतो.

श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात उघडीप मिळाली तेव्हा दुसऱ्यांदा पेरले. या खेपेस वर ओले गोणपाट अंथरले, म्हणजे सरीचा मार बियांवर पडत नाही, चिमण्यांना दिसत नाही आणि मुंग्यांनाही थोडा अटकाव होतो. दिवसातून तीनदा झारीने हलके शिंपण. आठवडाभर काहीच नाही. दहाव्या दिवशी गोणपाटाची कड उचलली तर केसासारखे हिरवे कोंब दिसले. सायंकाळी गोणपाट काढून घेतले, कारण कोंब आले की त्यांना ऊन हवे.

तरी मधे टक्कल पडलेच. तेव्हा माळीबाबा आपण होऊन खुरपे घेऊन आले. कोपऱ्यातल्या त्या दाट गादीचे त्यांनी तळहाताएवढे तुकडे कापले आणि वीत-वीत अंतरावर मोकळ्या जागी रोवले. वाहून गेलेल्या बियाण्याच्याच मुळ्या, त्यात बाहेरचा लव्हाळा नाही. बी माझे, मुळे त्यांची. वाद तिथे मिटला. गणेशचतुर्थीच्या एकवीस दूर्वा आईने त्याच कोपऱ्यातून खुडल्या. कडुनिंबाखाली मात्र काही उगवेना. तिथे हट्ट सोडला आणि विटांचा छोटा पार बांधून घेतला.

गवत अडीच इंच झाल्यावर पहिली कापणी केली. वरचा तिसरा हिस्साच कापावा, आणि पाते धारदार असावे. नाहीतर कोवळे रोप मुळासकट उपटून येते. दोन महिने कोणालाही पाऊल टाकू दिले नाही. विद्यार्थी भिंतीच्या कडेने ये-जा करीत.

कोजागिरीला सतरंजी बाहेर आली. बंधू सहकुटुंब आले होते. चपला काढून ते गवतावर गेले आणि बराच वेळ नुसते उभे राहिले. आईला दोघांनी धरून आणले. खुर्ची दिली तर नको म्हणाली, खालीच बसली. माझ्या एका विद्यार्थिनीने मालकंस गायला. तिचा सम एकदा चुकला. नाना असते तर तिथेच थांबवले असते. मी थांबवले नाही.

दूध झाल्यावर बंधूंनी विचारले, "उन्हाळ्यात याला पाणी कुठून घालणार?" प्रश्न रास्त होता. हजार चौरस फुटांवर इंचभर पाणी द्यायचे म्हणजे सुमारे २,३०० लिटर. १९९० मध्ये रांगेत ते माझ्यापुढे घागर घेऊन उभे होते. मी म्हणालो, "घालणार नाही. नानांनीही घातलं नव्हतं." ते हसले. घर विकण्याचा विषय त्या रात्री निघाला नाही. दिवाळीत निघाला, तेव्हा "आईचं होईपर्यंत राहू दे" असे तेच म्हणाले. पुढचे पुढे.

यंदा चैत्रात अंगण पिवळे पडले, वैशाखात तपकिरी झाले. शेजारी हळहळले. मी पाणी घातले नाही. मृगाच्या दुसऱ्या सरीनंतर आई पहाटेच ओसरीवरून हाक मारीत होती, "अरे, बाहेर ये जरा!"