हाताला पन्नास, पायाला चाळीस

चेतांमधून संदेश किती वेगाने धावतो हे सांगणारे यंत्र आज संगणकाला जोडलेले असले, तरी त्या वेगाच्या गणितातील अर्धी बाजू अजूनही शिंपी वापरतो त्या कापडी मोजपट्टीवरच उभी असते. कोल्हापूरच्या उत्तरेला पंचगंगेकाठी वसलेला कसबा बावडा एकीकडे छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखान्याचा आणि उसाच्या फडांचा, तर दुसरीकडे १९८९ पासूनच्या डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचा परिसर म्हणून ओळखला जातो. त्यामुळे येथील एका लहानशा खोलीत ‘एनसीव्ही’साठी, म्हणजे चेतेच्या वहनवेगाच्या तपासणीसाठी, जी माणसे येतात त्यांच्यात कोयत्याने घट्टे पडलेले हात, शिलाईयंत्रावर आखडलेली मनगटे आणि मधुमेहाने बधिर झालेले पाय हे सारेच असते. या खोलीकडे लक्ष वेधले जाते ते मात्र एका विसंगतीमुळे: तळपायांची आग होऊन रात्र-रात्र झोप न लागणारा माणूस येथून पुष्कळदा ‘नॉर्मल’ असा शेरा घेऊन घरी परततो.

तपासणीचा क्रम ठरलेला असतो. रुग्णाला पलंगावर झोपवतात, त्वचा स्पिरिटने पुसतात, अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल उंचवट्यावर नोंद घेणारी चकती चिकटवतात आणि हाताच्या पाठीवर अर्थिंगची पट्टी लावतात. स्पिरिटचा तो तीव्र वास खोलीत दिवसभर टिकून असतो आणि गळीत हंगामात बाहेरून येणारा मळीचा वासही त्याला हटवू शकत नाही. घट्टे पडलेल्या तळव्यावर हे साधे काम अवघड होते, कारण जाड, कोरडी त्वचा विजेला अडवते आणि पडद्यावरची रेषा थरथरत राहते. अशा वेळी तंत्रज्ञ बाई खरबरीत मलम लावून कातडी पुन्हा घासतात, चकती पुन्हा बसवतात आणि मगच झटका देणारे दुपाती उपकरण हातात घेतात. “हात सैल सोडा काका, जरा झटका बसंल, घाबरू नगा,” हे वाक्य त्या प्रत्येकाला सांगतात आणि त्यात यांत्रिकपणा येऊ देत नाहीत.

झटका मनगटावर दिला जातो तेव्हा नेमके काय घडते, हे समजण्यासाठी चेतापेशीच्या पडद्यापासून सुरुवात करावी लागते. शांत अवस्थेतील चेतापेशीचा आतला भाग बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋणभारित असतो, कारण पेशीच्या पडद्यातील एक प्रथिन, ज्याला सोडियम-पोटॅशियम पंप म्हणतात, ते ऊर्जा खर्च करून दर फेरीला सोडियमचे ३ आयन बाहेर टाकते व पोटॅशियमचे २ आयन आत घेते, आणि आत साठलेले पोटॅशियम पडद्यातून पुन्हा बाहेर झिरपताना धनभार आपल्याबरोबर घेऊन जाते. बाहेरून आलेल्या उद्दीपनाने हा ऋणभार सुमारे ५५ मिलिव्होल्टपर्यंत उतरला, की पडद्यातील सोडियमच्या वाहिका, म्हणजे आयनांसाठी उघडणारी दारे, एकाएकी उघडतात, सोडियम आत घुसते आणि आतील बाजू क्षणभर धनभारित होते. लगेच ती दारे बंद होतात, पोटॅशियमची दारे उघडतात आणि एक-दोन मिलिसेकंदांत मूळ स्थिती परत येते. या लाटेला क्रियाविभव म्हणतात. ते एक तर पूर्ण घडते किंवा मुळीच घडत नाही. अर्धवट क्रियाविभव असा प्रकार नसतो. या साऱ्या घडामोडीचे गणित ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी माकुळ या सागरी प्राण्याच्या असामान्य जाड अक्षतंतूवर, म्हणजे चेतापेशीच्या संदेश नेणाऱ्या लांब धाग्यावर, प्रयोग करून १९५२ मध्ये मांडले आणि १९६३ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

तारेतून वाहणारी वीज आणि चेतेतून जाणारा संदेश यांत मूलभूत फरक आहे. चेतेत आयन टोकापासून टोकापर्यंत धावत नाहीत, ते जागच्या जागी पडद्याच्या आत-बाहेर जातात आणि शेजारच्या भागाला जागे करतात. म्हणजे संदेश प्रत्येक टप्प्यावर नव्याने निर्माण होतो. माणसाच्या जाड अक्षतंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते आणि साधारण दर मिलिमीटरला त्यात एक उघडी फट असते, जिचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई रानव्हिए यांनी १८७० च्या दशकात केले. बावड्याच्या वाचकाला ही रचना उसावरून चटकन कळेल: कांडे लांब आणि गुळगुळीत असते, पण नवा कोंब फुटतो तो पेऱ्यावरच्या डोळ्यातून; तसेच क्रियाविभव आवरण असलेल्या भागात घडत नाही, ते फटीवर नव्याने फुटते आणि तेथून पुढच्या फटीवर झेप घेते. माकुळाचा आवरण नसलेला अक्षतंतू सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असूनही सेकंदाला २० ते २५ मीटरच गाठतो, तर माणसाच्या हातातील मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही बारीक तंतू त्याच्या दुपटीने धावतात, ते या आवरणामुळेच.

तो दुप्पट आकडाच या खोलीतील परवलीचा शब्द आहे. “हाताला पन्नास, पायाला चाळीस, त्याच्या खाली आलं की मी परत एकदा बघते,” असे तंत्रज्ञ बाई सांगतात. मनगटावर झटका दिल्यावर अंगठ्याचा स्नायू ३.६ मिलिसेकंदांनी हलतो, कोपरापाशी झटका दिल्यावर ७.६ मिलिसेकंदांनी हलतो आणि दोन बिंदूंमधील अंतर २२ सेंटिमीटर भरते असे धरले, तर वजाबाकीने उरलेल्या ४ मिलिसेकंदांत संदेश २२ सेंटिमीटर गेला, म्हणजे वेग सेकंदाला ५५ मीटर झाला. मोजपट्टी एका सेंटिमीटरने चुकली तर हाच वेग अडीच मीटरने बदलतो, म्हणून त्वचेवर पेनाने केलेल्या खुणा बाई दोनदा तपासतात. ही वजाबाकी नवी नाही. चेतेतील संदेशाचा वेग माणसाला कधी मोजता येईल असे योहानेस म्युलर यांना वाटत नव्हते. त्यांचेच शिष्य हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या चेतेला स्नायूजवळ आणि स्नायूपासून दूर असे आळीपाळीने उद्दीपित करून दोन वेळांतील फरक काढला आणि वेग सेकंदाला सुमारे २७ मीटर असल्याचे दाखवले. बावड्यातील ती कापडी पट्टी हेल्महोल्ट्झचाच प्रयोग दिवसभर करत असते, फक्त बेडकाच्या जागी माणूस असतो.

पन्नासच्या या आकड्याला एक मोठा शत्रू आहे, तो म्हणजे थंडी. हाताचे तापमान एका अंशाने उतरले की वहनवेग सेकंदाला सुमारे २ मीटरने कमी होतो, कारण थंडीत पडद्यातील दारांची उघडझाप मंदावते. तपासणीच्या वेळी हाताची त्वचा किमान ३२ अंश सेल्सियस असावी असा दंडक आहे; पहाटेच्या गारठ्यात दुचाकीवरून आलेल्या माणसाचा हात २७ अंशांवर असेल, तर ५५ चा वेग ४५ दिसेल आणि निरोगी माणसाच्या नावावर आजार लागेल. म्हणूनच हिवाळ्यात बाई यंत्र सुरू करण्याआधी रुग्णाचा हात आपल्या हातात घेऊन पाहतात, तो गार लागला तर कोमट पाण्यात बुडवायला लावतात, रांग खोळंबली तरी थांबतात आणि तापमान अहवालाच्या कोपऱ्यात पेनाने लिहितात. छापील अहवालाच्या अचूकतेचे श्रेय एरवी यंत्राला दिले जाते. त्यातील मोठा वाटा या थांबण्याचा आहे, हे अहवाल वाचणाऱ्याला कळण्याची काही सोय नसते.

मनगटापासून अंगठ्यापर्यंतचा वेळ वजा करण्यामागे आणखी एक कारण आहे. त्या शेवटच्या टप्प्यात संदेश फक्त वाहून नेला जात नाही, तो चेतेकडून स्नायूकडे सोपवला जातो, आणि ही सोपवणूक विजेने होत नाही. अक्षतंतूच्या टोकाशी क्रियाविभव पोचले की कॅल्शियम आत येते, इवल्या पिशव्यांतून ॲसिटिलकोलीन हे रसायन चेता आणि स्नायू यांच्या संपर्कस्थानाच्या फटीत सांडते, पलीकडच्या ग्राहींना चिकटते आणि स्नायूत नवे क्रियाविभव जन्माला घालते. या देवघेवीला सुमारे अर्धा ते एक मिलिसेकंद लागतो. संदेश पुढे नेणारे रसायन खरोखरच असते, हे ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या दोन हृदयांवरील प्रयोगाने दाखवले: एका हृदयाची चेता उद्दीपित करून त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडताच तेही मंदावले.

सोपवणुकीतला दोष वेगाच्या आकड्यात दिसत नाही, म्हणून त्यासाठी चेतेला सेकंदाला ३ या गतीने लागोपाठ झटके देऊन स्नायूचा प्रतिसाद पाहतात. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात शरीर स्वतःच्याच ग्राहींवर हल्ला करते आणि चौथ्या-पाचव्या झटक्यापर्यंत प्रतिसाद १० टक्क्यांहून अधिक घटतो. नागाचे विष याच ग्राहींना अडवते, तर मण्यारचे विष चेतेच्या टोकावरील रसायनाच्या पिशव्याच निकामी करते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके याच्या उलट दिशेने घात करतात: काम झालेल्या ॲसिटिलकोलीनचे विघटन करणारे विकर ती बंद पाडतात आणि स्नायू आधी फडफडून नंतर लुळे पडतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करणाऱ्या शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, तेव्हा संशयित रसायनांत या गटातील कीटकनाशकेही होती. उसाच्या आणि भाजीच्या पट्ट्यात पाठीवर पंप घेऊन फिरणाऱ्या माणसाला संपर्कस्थान हा शब्द माहीत नसतो, पण त्याचे आयुष्य मिलिमीटरच्या काही लक्षांशांइतक्या रुंदीच्या त्या फटीवर तोललेले असते.

आता सुरुवातीच्या विसंगतीकडे वळता येते. त्वचेवरील चकतीला ऐकू येतात ते फक्त जाड, मायलिनयुक्त आणि सर्वांत वेगवान तंतू, जे हालचाल, स्पर्श आणि कंपनाचे संदेश नेतात. जळजळ आणि ठणका नेणारे तंतू अतिशय बारीक, मायलिनविना असतात, त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाइतका असतो, आणि त्यांचा विद्युत प्रतिसाद या यंत्राच्या नोंदीत उमटत नाही. मधुमेहात पुष्कळदा हेच तंतू आधी झिजतात. त्यामुळे पायाला चाळीसच्या वर आकडा येऊनही पायाची आग खरी असते, आणि तिचा शोध टाचणीने टोचून, गरम-थंड स्पर्श तपासून किंवा त्वचेचा अगदी लहान तुकडा काढून घ्यावा लागतो.

तज्ज्ञ डॉक्टरांना हे ठाऊक असते. ते ठाऊक नसते ते रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना, ज्यांच्या लेखी ‘नॉर्मल’ या शब्दाचा अर्थ ‘दुखणे मनाचे आहे’ असा होतो आणि पुढे औषधावरचा खर्चही अनाठायी वाटू लागतो. या तपासणीची उपयुक्तता वादातीत आहे: मनगटात दबलेली नस, कुष्ठरोगाने कोपरापाशी जाड झालेली चेता किंवा मायलिन सोलून निघाल्याने मंदावलेले वहन तिच्याइतके नेमके दुसरे काही क्वचितच दाखवते. परंतु जे यंत्र फक्त जाड तंतू पाहते, त्याच्या अहवालात सरसकट ‘नॉर्मल’ छापणे शास्त्राला धरून नाही. ‘जाड तंतूंचे वहन नॉर्मल; वेदनेच्या बारीक तंतूंची तपासणी यात होत नाही’ एवढे एक वाक्य, तेही मराठीत, त्याच कागदावर छापायला खर्च काहीच येत नाही, आणि तंत्रज्ञ बाई पेनाने लिहितात त्या तापमानाशेजारी त्याला पुरेशी जागा असते.