एका अंड्याचा संसार

वडखळ नाक्यावर मुंबईहून आलेला रस्ता फुटतो. सरळ गेलं की नागोठणे, कोलाड, पुढे गोवा. उजवीकडे वळलं की अलिबाग. शनिवारी या वळणावर खोळंबलेल्या गाड्यांतल्या कित्येकांना किहीम, नागावच्या सुरूच्या बनात पोचायची घाई असते. तिथे पायाखाली चुरडणाऱ्या खरबरीत बोंडांकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. ऑस्ट्रेलियात मात्र सुरूच्याच कुळातल्या झाडांची बोंडं फोडून त्यातल्या बारीक बियांवर जवळजवळ सगळा जन्म काढणारा एक पक्षी आहे: ग्लॉसी ब्लॅक, म्हणजे चकचकीत काळा काकाकुवा.

काकाकुवा म्हटलं की आपल्याला पांढराशुभ्र, पिवळ्या तुऱ्याचा पक्षी आठवतो. काळ्यांच्या जाती मोजून सहा. शेपटीत लाल पट्टा असलेले, पिवळा पट्टा असलेले, पांढरा पट्टा मिरवणारे कार्नाबी आणि बॉडिन, वर सांगितलेला ग्लॉसी, आणि या सगळ्यांहून निराळा पाम काकाकुवा. पामचे गाल लाल, उघडे, आणि मूड बदलला की त्यांचा रंगही बदलतो. न्यू गिनी, अरू बेटं आणि ऑस्ट्रेलियाचं उत्तर टोक, केप यॉर्क, हे त्याचं घर.

पाम काकाकुव्याचा नर काठी तोडतो, तिला नीट आकार देतो, पायात धरतो आणि पोकळ खोडावर ठेका धरतो. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 18 नरांच्या शंभरावर वादनांची नोंद झाली. प्रत्येकाची लय वेगळी निघाली. माणूस सोडला तर हत्यार घडवून त्याने ताल धरणारा दुसरा प्राणी शोधून सापडणार नाही. गंमत अशी, की इतकं वाजवूनही संसार फारच तुटपुंजा. मादी एका वेळी एकच अंडं घालते, ते महिनाभर उबवावं लागतं, पिल्लू घरट्याबाहेर पडायला दोन महिन्यांहून जास्त जातात. दर वर्षी वीण होतच नाही. केप यॉर्कमधल्या जोड्यांचा हिशेब काढला तेव्हा एका जोडीचं सरासरी एक पिल्लू दहा वर्षांत मोठं होतं, असं दिसलं.

याच्या नेमकं उलट उदाहरण किहीमचंच आहे. सालिम अलींनी 1930 च्या सुमारास तिथे सुगरणींचं निरीक्षण करून दाखवून दिलं, की नर एकाच हंगामात एकामागून एक घरटी विणतो आणि अनेक माद्यांशी संसार थाटतो. पिंजऱ्यात पक्ष्याची वीण घ्यायची तर आधी तो सुगरणीच्या पंथातला आहे की काकाकुव्याच्या, हे ओळखावं लागतं. दोन्हीकडे एकच उतावीळपणा चालत नाही.

काळ्या काकाकुव्यासाठी पक्षिशाळा बांधणं हे आधी सुतार-लोहाराचं काम. साध्या कोंबड्यांच्या जाळीचे ही चोच तुकडे करते; जाड वेल्डेड जाळीच लागते, आणि लांबी इतकी, की पक्ष्याला खरोखर उडता यावं. ढोलीसाठी पोकळ ओंडका उभा करायचा, शेजारी ताज्या फांद्या टाकत राहायच्या. पाम जोडी त्या सोलून ढोलीत चिरलेल्या काटक्यांचा थर रचते, अंडं त्यावर. फांद्या नाहीत तर वीण नाही. काही नर मादीवर हल्ला करतात, म्हणून पळून लपायला आडोसाही हवा. माणसाच्या हातून भरवून वाढवलेला नर पुढे मादीपेक्षा माणसाकडेच ओढा दाखवतो. दिसायला लाघवी, विणीला निरुपयोगी. आणि चोच व पिसं झडवणाऱ्या विषाणूजन्य रोगावर अजून औषध नाही. पेण-रोह्याच्या पावसात दमट ओंडक्यावर बुरशी धरते आणि पोपटांच्या फुप्फुसाला ती भोवते. जानेवारी 2025 मध्ये उरणजवळच्या चिरनेरला बर्ड फ्लू आढळला. पक्षी पाळणाऱ्यांना ही शेजारची गोष्ट आहे.

एवढं करूनही पक्षी आणायचा कुठून? ऑस्ट्रेलियाने 1960 च्या आसपासच देशी पक्ष्यांची व्यापारी निर्यात बंद केली. पाम काकाकुवा 1987 पासून वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात, सायटीसमध्ये, सगळ्यात कडक यादीत आहे. मग उरते चोरवाट. जुलै 2020 मध्ये आसाम-मिझोराम सीमेवर लैलापूरला एका ट्रकमध्ये कांगारू, माकडं, कासवं आणि निळे मकाव सापडले होते. भारतात 2022 च्या दुरुस्तीने परदेशी जातींची नोंदणी वन्यजीव कायद्यात आली आणि 2024 च्या नियमांनी ती केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करणं बंधनकारक झालं. कडक यादीतल्या पक्ष्याची वीण घ्यायची तर मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. महाराष्ट्रात ते नागपूरला बसतात. काळ्या काकाकुव्याचं आयुष्य पन्नाशी ओलांडू शकतं, त्यामुळे कागद जपायची जबाबदारी पुढच्या पिढीवरही येते. आपल्या रानातला साधा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणंसुद्धा गुन्हा आहे, हे अजून कितीतरी घरांना माहीत नाही.

खरी वीण वाढली ती पिंजऱ्याबाहेर. ऑस्ट्रेलियातल्या कांगारू बेटावर 1990 च्या दशकाच्या मध्यात ग्लॉसी जेमतेम दीडशेवर होते. तिथल्या लोकांनी कृत्रिम ढोल्या लटकवल्या, अंडी-पिल्लं खाणारी पॉसम वर चढू नयेत म्हणून झाडांना पत्रे गुंडाळले. 2019-20 च्या वणव्याआधी संख्या साडेतीनशेच्या पुढे गेली होती. मुरूड-रोह्याकडच्या फणसाड अभयारण्यातही ढोलीत राहणारे धनेश आणि पोपट आहेत. तिथली जुनी, पोकळ झाडं उभी ठेवणं म्हणजे वीण घेणंच.

वडखळ-पेणच्या घरांत मात्र काकाकुव्याच्या कुळातला एक पक्षी कायदेशीरपणे नांदतो: कॉकाटील. मुंबईच्या महात्मा फुले मंडईतही तो मिळतो. शंभर ग्रॅमचाही नसतो, चार ते सहा अंडी घालतो, अंडी तीन आठवड्यांत फुटतात आणि पिल्लं पाचेक आठवड्यांत घरट्याबाहेर येतात. याच्या सोपेपणावर भाळून काही हौशी लोक मादीला वर्षभर अंड्यांवर बसवतात. शरीरातलं कॅल्शियम संपतं आणि अंडं आतच अडकून मादी मरते. अनुभवी ब्रीडर वर्षातून दोन विणी झाल्या की घरटं काढून घेतात, समुद्रफेस पिंजऱ्यात टांगतात आणि जोडीला काही महिने मोकळं ठेवतात.