शाळेतले गोड, अंडे आणि पालकांची मते

वाढदिवसाला वर्गभर गोळ्या वाटाव्यात का, दप्तरात कुरकुऱ्यांचे पाकीट चालते का, शाळेच्या जेवणात अंडे असावे का, या प्रश्नांवर पालकांचे एकमत क्वचितच होते. भातसा नदीकाठचे सापगाव, त्याचा शहापूर तालुका आणि शेजारचा मुरबाड या भागात तर ते होणे अवघडच. आसनगावहून लोकल धरून नोकरीला जाणारे पालक, भातशेती करणारे कुणबी-आगरी आणि पाड्यावरचे कातकरी-ठाकूर या सगळ्यांची मुले इथल्या शाळांत असतात. नोकरदाराला पोराच्या किडक्या दातांची आणि वाढत्या वजनाची काळजी असते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या बापाला मूल दुपारी पोटभर जेवले की नाही, एवढेच विचारायचे असते. दोघेही बोलतात ते मुलाच्या तब्येतीचेच.

गोडाविषयीचे नियम प्रामुख्याने पहिल्या पालकाला डोळ्यांपुढे ठेवून झाले आहेत. मे २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळांच्या उपाहारगृहांत चिप्स, नूडल्स, पिझ्झा, शीतपेये, केक, चॉकलेट असे पदार्थ विकण्यास मनाई केली. त्या यादीत गुलाबजाम आणि पेढेही होते. खीर मात्र चालणाऱ्या पदार्थांत होती. पुढे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनी जास्त साखर, मीठ आणि स्निग्धांश असलेल्या पदार्थांची विक्री शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत बंद केली. मे २०२५ मध्ये सीबीएसईने संलग्न शाळांना ‘शुगर बोर्ड’, म्हणजे साखरेविषयी माहिती देणारे फलक, लावायला सांगितले. मुलांच्या रोजच्या उष्मांकांत साखरेचा वाटा ५ टक्क्यांपर्यंत असावा, तो ४ ते १० वयोगटात १३ आणि ११ ते १८ वयोगटात १५ टक्क्यांवर गेला आहे, असे त्या परिपत्रकात म्हटले होते.

जिल्हा परिषदेच्या शाळेत उपाहारगृहच नसते. तिथे प्रश्न येतो तो समोरच्या टपरीचा. पाच रुपयांचे पाकीट, प्लास्टिकच्या नळीतली रंगीत पेप्सी, काचेच्या बरणीतल्या गोळ्या. छोट्या गावात फाटकापासून ५० मीटर मोजले तर गावातली निम्मी दुकाने त्यात येतात आणि दुकानदाराचे पोर बहुधा त्याच शाळेत असते. त्यामुळे नियम माहीत असूनही सहसा कोणी बोलत नाही. त्याच रस्त्यावर हंगामात करवंदे, बोरे, आवळे घेऊन बायका बसतात. त्यांच्याविरुद्ध कोणताच नियम नाही, पण मुलांचे पैसे पाकिटाकडेच जातात.

वाढदिवसाची गोष्ट जास्त नाजूक आहे. एकाने चॉकलेट वाटले की दुसऱ्याच्या आईला तेवढेच वाटावे लागते, आणि मजुरीवर जगणाऱ्या घराला ते जड जाते. म्हणून काही पालकांना हे वाटप बंद हवे असते. काहींना वर्षातून एकदा मुलाचे कौतुक होते, तेही का काढून घ्यायचे, असे वाटते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. केळी किंवा चिक्की वाटली तर दात वाचतात का हे सांगता येत नाही, पण पोटात काहीतरी जाते.

बाहेरून येणाऱ्या जेवणाबाबत मात्र सौम्य राहून चालत नाही. जानेवारी २०२४ च्या अखेरीस शहापूर तालुक्यातल्या भातसई येथील आश्रमशाळेत शंभराहून अधिक विद्यार्थ्यांना विषबाधा झाली. त्या दिवशी मुलांनी बाहेरून आलेला पुलाव आणि गुलाबजाम खाल्ले होते. गावकऱ्यांनी सणावाराला मुलांना जेवू घालण्याची, ‘स्नेहभोजना’ची प्रथा चांगलीच आहे, पण शाळेत शिजवलेल्या आहाराला चव नोंदवही असते, मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसाने घास खाऊन सही करायची असते. तोच नियम दानाच्या ताटालाही लागला पाहिजे.

खरा वाद रंगतो तो अंड्यावरून. केंद्राची शालेय आहार योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली तेव्हा मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न आले. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, म्हणजे ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण आहे. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा, बुधवारी किंवा शुक्रवारी, अंडे द्यायचे ठरवले; न खाणाऱ्याला केळे किंवा हंगामी फळ. सोमवार, गुरुवार, शनिवार टाळले, हे बरेच झाले. अंडे खाणाऱ्या कित्येक घरांतही ते वार पाळले जातात.

माळकरी आणि शाकाहारी घरांतून तरीही विरोध झाला. एकाच पंगतीत अंडे नको, असे त्यांचे म्हणणे होते. जानेवारी २०२४ च्या सुधारित निर्णयाने ४० टक्के पालकांचा विरोध असेल तिथे अंडे न देण्याची मुभा दिली आणि ओळखपत्रावर लाल-हिरव्या खुणा करायला सांगितले. न खाणाऱ्याला फळ मिळत असताना खाणाऱ्या साठ टक्क्यांचे अंडे का बंद व्हावे, याचे उत्तर त्यात नाही.

मग जानेवारी २०२५ मध्ये अंडे आणि गोड पदार्थांची साखर यांसाठी वेगळा निधी देणे राज्याने थांबवले. अंडा पुलाव, खीर किंवा नाचणी सत्त्व द्यायचे तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना कळवले. आता निर्णय शाळा व्यवस्थापन समितीकडे आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिचे ७५ टक्के सदस्य पालक असतात, त्यामुळे गोड आणि अंडे यांवर बोलायची जागा तीच. पण जिथे दुकानदार, नोकरदार पालक आहेत तिथे वर्गणी निघेल. कातकरी पाड्यावरच्या शाळेत ती कोणाकडे मागायची? ज्या मुलाला अंड्याची सर्वांत जास्त गरज आहे, त्याचे अंडे वर्गणीवर सोडणे चूक आहे. तो खर्च शासनानेच उचलला पाहिजे.